डकोटाच्या शेपटीजवळची आक्का

नेमाण्णा,

तुझ्या घरात खुर्चीवर तुझा फोटो ठेवलाय, त्याला चंदनाचा हार घातलाय, आणि तो फोटो वाईट आहे. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला मोकळा झालो. कुणाच्या तरी लग्नातला दहा-बारा माणसांचा फोटो मोठा करून त्यातनं तुला कापून काढलाय. एक कान निम्मा गेलाय. खांद्यावर कुणाचा तरी हात तसाच राहिलाय, मागं माणूस न्हाय. तू बघितला असतास तर फ्रेमवाल्याला पायरीवरनं खाली उतरवला असतास. जन्मभर अख्ख्या निपाणीला "हनुवटी खाली, डोळे वर, हालू नका" म्हणत बसलास आणि तुझा एकट्याचा म्हणून एक फोटो घरात सापडला न्हाय.

सुनंदा, तुझी लेक, म्हणाली, "काका, आप्पांनी कुणाला काढूच दिला न्हाय हो."

मी म्हटलं, "दुसऱ्याच्या हातात कॅमेरा दिला की त्याच्या पोटात दुखायचं."

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. मी रडलो न्हाय. तुझ्या घरात मी रडणार न्हाय, हे तुला ठाऊक होतं.

हे मी माझ्या हातानं लिहितोय. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं अक्षर आहे, वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. नात म्हणाली, "आजोबा, मी नीट करून देते, सगळीकडं नाही असं लिहूया." मी म्हटलं, नेमाण्णाला मी जन्मात कधी ‘नाही’ म्हटलं न्हाय, ‘न्हाय’च म्हटलंय. आता मेल्यावर त्याच्याशी शाळेतल्यासारखं बोलू काय?

तू सांबऱ्याला पहिल्यांदा आलास तो दिवस मला आठवतोय. तुला आठवत असलेला दिवस वेगळा होता, त्यावर आपण भांडलोय, पण आता माझाच खरा धरायचा. माझी नोकरी तिथल्या विमानतळावर होती. नोकरी म्हणजे काय, विमान यायच्या अर्धा तास आधी सायकलवर बसायचं आणि रनवेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घंटी वाजवत जायचं. म्हशी, कुत्री, टिटव्या, सगळं हाकलायचं. मग विमान उतरलं की धावत जाऊन चाकाखाली लाकडी ठोकळे लावायचे. शर्टावर बिल्ला होता. गावात माझ्याएवढा मोठा माणूस कुणी नव्हता, निदान मला तसं वाटायचं.

आणि तू तारेच्या कुंपणाला चिकटून उभा. गळ्यात कॅमेरा. अंगाला तंबाखूचा वास, कारण कॅमेरा तू बापाच्या वखारीतल्या फडक्यात गुंडाळून आणला होतास. मला बघून ओरडलास, "ए भावा, सायकल बाजूला घे की, फोटोत येत्यास!"

मी म्हटलं, "इमान माझ्या सायकलीच्या मागनं येतंय. मी फुडं न्हाय गेलो तर ते उतरायचं न्हाय."

"पायलट तुला इचारून उतरतोय व्हय रं?"

"म्हशीला इचारून उतरतोय. म्हस माझं ऐकत्या."

तू इतका हसलास की तो फोटो हालला. पुढं त्या हाललेल्या फोटोच्या मागं तू पेन्सिलीनं लिहून ठेवलंस, ‘परशानं हालवला’. माझा काय दोष त्यात?

मग तू दर पंधरवड्याला यायला लागलास. निपाणीहून एसटी, बेळगावहून भाड्याची सायकल. तुझ्या बापाला तू वखारीत पाहिजे होतास आणि तुला विमानं पाहिजे होती. दिवसभर उन्हात राहायचास आणि दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून तुझी धांदल उडायची, कारण जैनाचं पोर, अंधारात घास घेत नव्हतास. हे माझ्या आक्कानं पहिल्याच दिवशी ओळखलं.

हौसाक्का. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी थोरली. आई गेली तेव्हा मी रांगत होतो म्हणतात. आक्कानंच मला वाढवला, आणि मला वाढवायचं म्हणून तिचं लग्न मागं पडत गेलं. ती रनवेच्या कडेचं गवत कापायला यायची. पावसाळ्यानंतर तिथं कमरेएवढं गवत व्हायचं, ते कापायला गावच्या बाया आत सोडायचे आणि कापलेलं गवत ज्याचं त्यानं न्यायचं. आक्का खुरपं असं चालवायची की बाकीच्या बाया मागं राहायच्या. ती मला लांबनं हाक मारायची, "अरं ए बिल्लेवाल्या, दुफारचं जेवलास काय?" साहेबांसमोर. मला लाज वाटायची. आता ती हाक ऐकायला मी काय देईन, ते लिहून उपयोग न्हाय.

तुझ्यासाठी ती चुलीपुढं घाई करायची. "नेमू आलाय, दिस बुडायला लागलाय, ताट घ्या आधी." कांदा-लसूण न घालता तुझं कालवण वेगळं. एवढं मी मागितलं असतं तर खुरपं फेकून मारलं असतं. तू जेवून उठलास की ती म्हणायची, "इमानाचं काढत्यास, म्हशीचं काढत्यास. माणसाचं बी काढतोस काय न्हाय?"

तू म्हणायचास, "माणसं हालत्यात आक्का."

"मी न्हाय हालत. भारा डोस्क्यावर असला की मला हालायला येतच न्हाय."

त्यावरनं ठरलं ते. त्या दिवशी डकोटा विमान संध्याकाळी उशीरपर्यंत उभं होतं, कशाची तरी दुरुस्ती चालू होती. ऊन तांबूस झालेलं, तुझ्या पाठीमागनं येत होतं. आक्का गवताचा भारा घेऊन घरी चालली होती. तू ओरडलास, "आक्का, थांब तितंच! शेपटीजवळ!" आणि ती थांबली. एक हात भाऱ्याला, एक हात कमरेवर, एक पाय जरा पुढं. हालली न्हाय. मी रनवेच्या पार पलीकडच्या टोकाला सायकलवर होतो, तिथनं मला विमान बोटाएवढं आणि आक्का मुंगीएवढी दिसली. पण थांबलेली दिसली.

घरी येऊन मला म्हणाली, "परशा, मी इमानासंगट हाय बघ फोटोत." आणि दुसऱ्या दिवशी गवतातल्या सगळ्या बायांना सांगून मोकळी.

त्यानंतर आठवड्यानं तू आलास ते कॅमेऱ्याशिवाय. चेहरा चमकत होता. निपाणीतल्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्यानं तुला कॅलेंडरचं काम दिलं होतं. त्याला विमान पाहिजे होतं, तंबाखूचा आणि विमानाचा काय संबंध ते त्यालाच ठाऊक. ते कॅलेंडर चांगलं झालं तर तुझा बाप तुला दुकान काढून देणार होता, न्हाय झालं तर वखार. दुकान का वखार, एवढंच तुझ्या डोक्यात होतं. त्या दिवशी आक्का सणाच्या आधी तुळशीकट्ट्याला काव लावत होती. तांबडी माती कालवलेलं मडकं पुढ्यात, हात कोपरापर्यंत तांबडे.

तू म्हणालास, "आक्का, सुकी काव हाय काय थोडी? दे की."

"का रं? निपाणीत भिती रंगवायला लागलास काय?"

"व्हय, राजवाडा बांधलाय न्हवं."

"मग मला बलीव की रंगवायला," म्हणत तिनं पानात बांधून दिली. वंजळभर. तू ती खिशात घातलीस आणि शर्ट तांबडा करून घेतलास. यावर ती दोन दिवस हसत होती.

कॅलेंडर आलं. तू मला बेळगावच्या स्टँडावर गुंडाळी दिलीस आणि माझ्या डोळ्याकडं न बघता परतीच्या गाडीत बसलास. मी ती गुंडाळी उलगडली न्हाय. म्हटलं, आक्कानं आधी बघायची. सायकल अशी मारली की रनवेवर कधी मारली न्हाय. आक्का भांडी घासत होती. राखेचे हात मांडीला पुसले आणि तिनं उलगडली.

विमान होतं. नुसतं विमान. खाली जमीन न्हाय, मागं झाडं न्हाय, शेपटीजवळ कोण न्हाय. पांढऱ्या कागदावर अधांतरी विमान आणि खाली व्यापाऱ्याचं नाव.

आक्कानं कॅलेंडर उलटं करून मागं बघितलं. मागं तर काय असणार? मग म्हणाली, "इमान उडालं वाटतं. मी बी उडाले." आणि हसली. हसली आणि ते कॅलेंडर तिनंच खिळ्याला लावलं. पण दुसऱ्या दिवशी ती गवताला गेली न्हाय. डोकं दुखतंय म्हणाली. बायांनी विचारलं असतं न्हवं, फोटो आला काय म्हणून.

तू पुढच्या वेळी आलास आणि मला समजावून सांगितलंस. व्यापाऱ्याला नुसतं विमान पाहिजे होतं. निगेटिव्हवर जिथं रंग लावायचा, तिथं फोटोत पांढरं येतं. तू बारक्या ब्रशनं जमीन, झाडं, आक्का, सगळ्यावर रंग लावलास आणि विमानाच्या कडेकडेनं नख लावून काढल्यासारखं विमान तेवढं मोकळं ठेवलंस. चांगलं काम होतं. तुझ्या बापानं बघून मान हलवली आणि तुला दुकान मिळालं. आक्काच म्हणाली, "असू दे रं. दुसरा काढील."

दुसरा काढायचा राहिला. आक्काचं लग्न ठरलं, संकेश्वराकडच्या खेड्यात दिली. लग्नात तू होतास, पण तुझा कॅमेरा दुरुस्तीला गेला होता. वर्षाच्या आत पहिल्या बाळंतपणात आक्का गेली. मूल बी गेलं. आम्ही गाडी जुंपून पोचलो तेव्हा सगळं आवरलं होतं. मला तोंड बघायला मिळालं न्हाय.

मग मी तुझ्या नव्या दुकानात आलो. आरसा, खुर्ची, पडद्यावर रंगवलेलं तळं आणि हंस. तू उठून उभा राहिलास. मी म्हटलं, "त्या फोटोवरचा रंग धू. मला आक्का पायजे."

तू म्हणालास, "बघतो."

पुढच्या आठवड्यात आलो. तू माझ्याकडं पाठ करून काचा पुसत होतास. म्हणालास, "न्हाय निघत, परशा."

"रंगच हाय न्हवं? लावलायस तू, काढ तू."

"न्हाय निघत म्हटलं न्हवं."

"न्हाय निघत का काढायचा न्हाय? कॅलेंडरवाला परत छापणार असंल."

तू वळून बघितलंस. काही तरी बोलशील असं वाटलं. पण फक्त म्हणालास, "तसं समज." मी तुझ्या दुकानाच्या दारात थुंकलो, नेमाण्णा. नव्या दुकानाच्या. तू ते कधी काढलं न्हायस पुन्हा, मीच काढतोय.

मी दोन वर्षं बोललो न्हाय. माझ्या लग्नाला तुला बोलावलं न्हाय, आणि तू आलास. कॅमेरा गळ्यात घालून सरळ मांडवात. आमच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कुणी बलीवलंय?" तू म्हणालास, "बिल्लेवाल्यानं." दिवसभर फोटो काढलेस, दिवस मावळायच्या आत पंगतीला बसलास, आणि माझ्याशी एक अक्षर न बोलता गेलास. महिन्यानं फोटो आले. एकाची मान कापली नव्हतीस. चुलीजवळच्या बाया, पाणी वाढणारा, मांडवाबाहेर बसलेला आमचा आंधळा चुलता, सगळी होती. तेव्हापासनं माझ्या घरात जो फोटो आहे तो तुझा आहे. पोरांची बारशी, बायको जायच्या आधीचा तिचा फोटो, सगळे तूच काढलेस. हे मी तुला कधी तोंडावर म्हटलं न्हाय. एका हातानं देणारा आणि दुसऱ्यानं दाबून धरणारा, असंच तुला समजत राहिलो.

विमानाच्या फोटोंचा तो बिस्किटाचा पत्र्याचा डबा आठव. म्हातारपणी दोघांना काम नव्हतं. महिन्यातनं एकदा तू डबा घेऊन सांबऱ्याला यायचास किंवा मी निपाणीला. कट्ट्यावर टॉवेल अंथरायचा आणि त्यावर एकेक काळा-पांढरा फोटो मांडायचा. तू काढलेले, पण ओळखायचो मी.

"हे कंचं रं?"

"उजव्या चाकाची हवा कमी झालेलं. तवा पायलटनं उतरून मलाच शिव्या दिलत्या."

"आणि ह्यो टोपीवाला?"

"आमदार. उलटी केलती यानं उतरल्या उतरल्या. ठोकळ्यावर."

तू सगळं पेन्सिलीनं मागं लिहायचास. आमदाराची उलटी बी लिहिलीस. दारावरच्या शिडीच्या पायऱ्या किती होत्या यावर आपण एकदा दोन तास भांडलो. मी पाच म्हणत होतो. फोटोत चार होत्या. मी म्हटलं फोटो चुकीचा आहे. तू म्हणालास, "तू मेलास तरी पाचच म्हणशील." व्हय. पाचच होत्या. एक गवतात रुतलेली होती.

आणि दर वेळी डबा बंद करताना मी विचारायचो, "आणि ते?" तू म्हणायचास, "न्हाय निघत." झाकण लावायचास. दर वेळी. मला वाटायचं, म्हातारा झाला तरी याचा ताठा जात न्हाय. ताठा ओळखायला मी चुकत न्हाय असा माझा समज, कारण तो माझ्या घरचाच.

आता शेवटचा दिवस. विमानतळाच्या नव्या इमारतीत जुने फोटो लावायचे म्हणून तिथल्या एका मॅडमनी गावात निरोप दिला होता. तू सतरा फोटो निवडलेस. आपण दोघं इस्त्रीचे कपडे घालून गेलो. काचेच्या भिंती, थंडगार हवा, आणि म्हशी हाकलायला कुणी न्हाय. मॅडम धारवाडकडच्या, चांगल्या होत्या. कानडी-मराठी मिसळून बोलत होत्या. तू एकेक फोटो टेबलावर मांडलास, मी सांगत गेलो, त्या "हौदा? हौदा?", म्हणजे खरं काय, असं कानडीत म्हणत ऐकत राहिल्या. आमदाराची उलटी मी सांगितली आणि तू टेबलाखालनं माझा पाय दाबलास. किती वर्षांनी आपण एवढे खुशीत होतो.

मग मॅडमनी विचारलं, "विमानं छान आहेत अज्जा. इथं काम करणाऱ्या लोकांचा एखादा आहे का? बायका गवत कापायच्या म्हणता, त्यांचा?"

तू डब्याकडं बघत बसलास.

मी म्हटलं, "हाय की एक. ह्यानं त्याच्यावर रंग फासून ठेवलाय. माझी भन हाय त्यात."

"परशा," तू म्हणालास.

"काय परशा? सांग की मॅडमना. दुकानापायी माझी आक्का पुसलीस म्हणून सांग."

चहा आला होता. कागदी कपात. मी उभा राहिलो आणि बोलू नये ते बोललो. "मरायच्या आधी तरी धुशील काय नेमू, का संगट नेणार हाईस?"

मॅडम खाली बघायला लागल्या. तू रागावला न्हायस. तू कप माझ्याकडं सरकवलास आणि म्हणालास, "चहा घे परशा."

मी चहा न घेता निघून आलो. तुला एकट्याला निपाणीची गाडी धरायला लावली. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, हातात पत्र्याचा डबा.

त्यानंतर तुझा फोन चार वेळा आला. नातीनं दर वेळी सांगितलं, "आजोबा, निपाणीचे आजोबा." मी म्हटलं, वाजू दे. पाचवा फोन सुनंदाचा होता. मी तोही घेतला न्हाय. नातीनं घेतला आणि ती माझ्याजवळ येऊन बसली.

आठ दिवसांनी मी निपाणीला गेलो. आधी गेलो न्हाय, कारण चार माणसांत मला कुणी विचारलं असतं, शेवटचं काय बोलणं झालं म्हणून. तुझ्या वाईट फोटोपुढं बसलो. सुनंदानं पाणी दिलं आणि आतनं एक पाकीट आणलं. जुनं पिवळं पाकीट, मऊ पडलेलं. त्यावर तुझं अक्षर. तरुणपणचं, टोकदार. मी एकेक अक्षर लावून वाचलं. ‘हौसाक्का. निम्मी निघाली. परशाला दाखवू नये.’

मी सुनंदाकडं बघितलं.

ती म्हणाली, "काका, आप्पांनी तो रंग तेव्हाच धुतला होता. तुम्ही पहिल्यांदा मागितलात त्याच आठवड्यात. बाटलीतला चांगला रंग विमानाच्या कडेला संपला होता, म्हणून बाकी सगळ्यावर काव आणि डिंक कालवून लावला होता त्यांनी. काव बसली घट्ट. कोमट पाण्यात घालून कापसानं काढायला गेले, तर कावेबरोबर निगेटिव्हचा पापुद्रा सुटला. चेहऱ्याचा."

कुठली काव, ते तिला ठाऊक नव्हतं. मला होतं. पानात बांधून दिलेली. वंजळभर.

"मला त्यांनी सांगितलं होतं," सुनंदा म्हणाली, "‘परशाला सांगू नको. मी हट्टी हाय असं वाटू दे त्याला. शिव्या देऊन जातोय तो घरला. आक्काचं त्वांड न्हाय म्हटलं तर कुठं जाईल?’"

मी पाणी प्यालो. तांब्या खाली ठेवला.

"मग त्या दिवशी विमानतळावरनं आले आणि म्हणाले, ‘दे आता त्याला. मागतोय.’ मला छापायला लावला. तुम्हाला बोलावून स्वतःच्या हातानं देणार होते. म्हणून फोन करत होते, काका."

चार वेळा.

नेमाण्णा, मी तुझ्या घरात रडणार न्हाय म्हटलं होतं. ते खोटं ठरलं. वरती मी न्हाय रडलो असं लिहिलंय, ते पाकीट यायच्या आधीचं. तेवढं तसंच राहू दे.

फोटो चांगला आला आहे. डकोटा आहे, जमीन आहे, गवत आहे, लांब झाडं आहेत. शेपटीजवळ आक्का उभी आहे. तोंडाच्या जागी वाटोळा काळा डाग आहे, माझ्या करंगळीच्या नखाएवढा. तू जन्मभर त्या डागाला भ्यालास. तुला काय वाटलं, मी आक्काला तोंडावरनं ओळखतो? भारा बघ, डावीकडं कललेला, ती कायम तसाच घ्यायची. कमरेवरचा हात बघ, तळवा बाहेर. पुढं टाकलेला पाय बघ. त्या पायाच्या अंगठ्यावर खुरपं लागल्याची खूण आहे, ती फोटोत दिसत न्हाय, पण मला दिसते. मला त्या वेळीच दाखवला असतास तर मी ओरडलो असतो, डोकं आपटून घेतलं असतं, आणि मग घेऊन गेलो असतो. इतक्या वर्षांत आपण दोघं मिळून तिच्याकडं बघितलं असतं. तू मला वाचवायला गेलास आणि मी तुला छळत बसलो. कुणाचं चुकलं हे मी ठरवणार न्हाय. निम्मं तुझं धर.

मी तो मॅडमकडं नेला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "अज्जा, आता कम्प्युटरवर चेहरा बसवता येतो. नाहीतर हा कोपरा कापू का? विमान पूर्ण राहील."

मी म्हटलं, "काय बसवायचं न्हाय आणि काय कापायचं न्हाय. एकदा कापलीया तिला."

त्यांनी चहा मागवला. मी प्यालो. थंड झाल्यावर प्यालो, पण सगळा प्यालो.

आता तो अठरावा फोटो भिंतीवर आहे. बाकीच्यांखाली विमानाचं नाव लिहिलंय. याच्याखाली मी सांगितलं ते, तुझ्या पुऱ्या नावासकट, लिहिलंय, हौसाक्का, सांबरा, गवत घेऊन घरी जाताना, फोटो नेमगोंडा, निपाणी. लोक पेट्या ओढत जातात. एखादा थांबतो. एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, "चेहरा नाही, पण कशी ऐटीत उभी आहे बघा." मी मागं उभा होतो. बिल्ला लावल्यासारखी छाती झाली.

आणि एक गोष्ट तुला सांगायची राहिली, जी तू इतकी वर्षं तो फोटो जवळ ठेवून मला सांगितली न्हायस. फोटोच्या खालच्या बाजूला, गवतावर, एक लांब सावली पडली आहे. ऊन तुझ्या पाठीमागं होतं. दोन्ही कोपरं बाहेर, मान खाली, छातीशी कॅमेरा. ती सावली गवतावरनं लांब होत होत आक्काच्या पायापासून हातभर अंतरावर थांबली आहे. कॅलेंडरसाठी तू तिच्याबरोबर स्वतःला बी काव फासली होतीस. त्वांड तिला न्हाय, तुला बी न्हाय.

मी सुनंदाला सांगितलंय, तो लग्नातला कापलेला फोटो खाली काढ. तो परका हात बी काढ. हा आख्खा फोटो लाव तिथं आणि हार याला घाल. तुझा असा एकच फोटो आहे, नेमाण्णा, जो तू स्वतः काढलास. चांगला आलाय. हाललेला न्हाय.

तुझा,
परशा, सांबरा